यंत्र मंद की निदान मंद?

डोंबिवलीतल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत दाराशेजारी एक कागद चिकटवलेला होता. मथळा होता, 'कॉम्प्युटर स्लो चालत असल्यास'. खाली क्रमांक घालून सात उपाय. हा कागद मुळात कुणी तयार केला ते आता कुणालाच सांगता येत नाही. जुना फाटला की त्याचीच झेरॉक्स काढून पुन्हा लावायची, असे चालले होते. तशाच याद्या आम्हाला ठाण्यात आणि कल्याणातही दिसल्या. शब्द थोडे वेगळे, उपाय बहुतेक तेच.

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या लेखात आम्ही या एका पानाचे परीक्षण करणार आहोत. ते करण्याजोगे आहे, कारण प्रयोगशाळा प्रत्यक्षात चालतात त्या अशा कागदांवर. त्यांच्या आधाराने खरेदी होते, मुलांचे तास जातात आणि कधी कधी मुलांविषयीची मतेही बनतात.

आधी तक्रार काय होती ते सांगतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एका मोठ्या मुक्त प्रकल्पात, म्हणजे ज्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे अशा सॉफ्टवेअरमध्ये, छोटीशी भर घालायची होती. उपक्रम उत्तम. पण दुपारी दोन वाजता प्रात्यक्षिक सुरू झाले की प्रकल्प उघडायलाच अकरा मिनिटे लागत. एखादे नाव शोधायला सांगितले तर चक्र फिरत राही. दोन तासांच्या प्रात्यक्षिकातला पाऊण तास वाट पाहण्यात जाई. महाविद्यालयाने यादीतला पहिला उपाय केला, दहा यंत्रांची स्मृती वाढवली. फरक पडला नाही. मग शिक्षक म्हणू लागले, की मुलेच नीट काम करत नाहीत.

पडद्याआड काय चालते?

पूर्वी आज्ञावली एका साधनात लिहायची, दुसऱ्यात तिचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे आणि चुका शोधायला तिसरे घ्यायचे, अशी पद्धत होती. ही सगळी कामे एकाच खिडकीत आणणाऱ्या साधनाला इंग्रजी आद्याक्षरांवरून आयडीई म्हणतात. एक्लिप्स, व्हिज्युअल स्टुडिओ, अँड्रॉइड स्टुडिओ ही त्यांतली ओळखीची नावे. व्हीएस कोड हा मुळात नुसता संपादक आहे, पण जोडण्या बसवल्या की तोही हेच काम करतो.

आपण टाइप करत असतो तेव्हा असे साधन स्वस्थ बसलेले नसते. प्रकल्पातल्या सगळ्या फाईली ते वाचते. कोणते नाव कुठे आले याची सूची करते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. एखादी फाईल बदलली का यावर पहारा ठेवते. प्रत्येक अक्षरामागे व्याकरण तपासते. आणि स्मृतीत साचलेला, कामातून गेलेला मजकूर वेळोवेळी झाडून काढते. या शेवटच्या कामाला 'कचरा गोळा करणे' असेच नाव आहे. लिस्प भाषेसाठी ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास काढली.

तीस ओळींच्या आज्ञावलीत ही पाचही कामे डोळ्याचे पाते लवण्याआधी उरकतात. पण मोठे प्रकल्प तीस ओळींचे नसतात. लिनक्सच्या गाभ्याची आज्ञावली २०२० च्या आरंभीच पावणेतीन कोटी ओळींच्या पुढे गेली होती. तेव्हा 'यंत्र मंद आहे' या एका वाक्यात पाच निरनिराळी दुखणी असू शकतात. 'पोटात दुखते' म्हटल्यावर वैद्य लगेच पुडी बांधत नाही, आधी नाडी पाहतो. त्या कागदाची पहिली उणीव हीच. त्यात सात औषधे आहेत, पण दुखण्याचे नाव एकदाही येत नाही.

उपाय एकेक करून

पहिला उपाय: 'मेमरी वाढवा'. स्मृती खरोखर अपुरी असेल तर हा उपाय रामबाण. ती भरत आली की साधन पुन्हा पुन्हा कचरा गोळा करत बसते आणि मूळ कामाला वेळच उरत नाही. पण याच उपायाला जोडून 'आयडीईची मेमरी-मर्यादा जास्तीत जास्त ठेवा' असेही लिहिले आहे, आणि तिथे तो उलटतो. यंत्राची एकूण स्मृती ४ गिगाबाइट असताना एकट्या आयडीईला ३ बहाल केली, तर बाकीच्यांना जागा पुरत नाही. मग यंत्र स्मृतीतला मजकूर चकतीवर हलवू लागते आणि होता तो वेगही जातो. किती स्मृती वापरात आहे हे आधी पाहिल्याशिवाय हा उपाय करणे म्हणजे चष्म्याचा नंबर न काढता भिंग विकत घेणे.

दुसरा: 'अँटिव्हायरस बंद करा'. यात तथ्य आहे आणि धोकाही. विषाणूरोधक प्रत्येक फाईल उघडताना तपासतो. हजारो छोट्या फाईली असल्या की तो भार जाणवतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी आज्ञावली लिहिणाऱ्यांकरता 'डेव्ह ड्राइव्ह' हा वेगळा कप्पा दिला. त्यात फाईल आधी उघडू देऊन तपासणी मागाहून करण्याची सोय आहे. म्हणजे तक्रार खरी होती हे उत्पादकानेच मान्य केले. पण शंभर मुलांच्या पेनड्राइव्ह जिथे लागतात त्या प्रयोगशाळेत रोधक सरसकट बंद करणे बरे नव्हे. विश्वासातल्या एका फोल्डरपुरती सूट द्यावी, एवढेच.

तिसरा: 'नको असलेल्या जोडण्या काढा'. ठीक. पण नको असलेली कोणती? सोळा जोडण्या असतील तर एकेक काढून पाहायला सोळा फेऱ्या लागतील. अर्ध्या बंद करा. तक्रार गेली तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा अर्ध्या करा. दोषी एकच असेल तर चार फेऱ्यांत सापडते. व्हीएस कोडमध्ये अशी निम्मे-निम्मे शोधाची सोयच दिलेली आहे. गणिताच्या शिक्षकाने हा एक मुद्दा फळ्यावर घेतला तरी द्विभाजन शोध मुलांना जन्मभर आठवेल. कागदाने मात्र तो चार शब्दांत संपवला आहे.

चौथा: 'आपोआप रूपांतर बंद करा'. याने टाइप करताना सुटल्यासारखे वाटते, पण काम टळत नाही, पुढे ढकलले जाते. खरा उपाय बेल प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' या साधनात दाखवला होता. जी फाईल बदलली तिचे, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांचेच रूपांतर पुन्हा करायचे. एका ओळीच्या बदलामागे सगळा प्रकल्प नव्याने घडत असेल, तर प्रकल्पाची बांधणी तपासली पाहिजे.

पाचवा: 'साठवलेली सूची पुसून टाका'. सूची बिघडली असेल तरच. चांगली सूची पुसली की साधनाला ती पहिल्यापासून करावी लागते आणि यंत्र आणखी मंद होते. प्रकल्प पहिल्यांदा उघडल्यावर येणारे मांद्य बहुधा सूचीचेच असते. त्याला औषध नको, थोडा धीर हवा.

सहावा, 'काढून पुन्हा टाका', आणि सातवा, 'नवीन मशीन घ्या'. या दोहोंत एक साम्य आहे. दोन्हींनी कधी कधी गुण येतो, पण कशामुळे आला हे कधीच कळत नाही. ज्या उपायातून काही शिकता येत नाही तो विज्ञानाच्या प्रयोगशाळेत शेवटच्या जागी असावा. कागदावर तो तसा शेवटी आहे खरा, पण प्रत्यक्षात चर्चा बहुतेक तिथूनच सुरू होते.

अडले कुठे, ते मोजा

डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतल्या प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ जातो. हा भाग कोणता हे लिहिणाऱ्यालाही अंदाजाने सांगता येत नाही, मोजावेच लागते.

मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण या टप्प्यांत पाचवी-सहावी मार्गिका आधीच झाली होती. राहिला होता मधला ठाणे-दिवा टप्पा. दोन्हीकडे सहा मार्गिका आणि मध्ये चार, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांची गाठ त्या मधल्या तुकड्यात पडणारच. तो टप्पा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तोवर कल्याणच्या बाजूला आणखी दोन रूळ घातले असते, तरी ठाण्याला गाडी लवकर पोचली नसती.

हेच आकड्यांत पाहू. समजा, प्रकल्प उघडायला १२० सेकंद लागतात. त्यांतले ८४ फाईली वाचण्यात, २४ सूची करण्यात आणि १२ पडद्यावर मांडण्यात जातात. दुप्पट वेगाचा प्रक्रियक आणला तर सूची आणि मांडणी निम्म्या वेळात होतील: ८४ + १२ + ६, म्हणजे १०२ सेकंद. दुप्पट वेग आणि वाचले फक्त १८ सेकंद! त्याऐवजी फाईली वाचणे सहापट जलद केले तर १४ + २४ + १२, म्हणजे ५० सेकंद. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या तत्त्वाचे सार हेच. एका भागाच्या सुधारणेचा एकूण लाभ तो भाग किती वेळ खातो यावर अवलंबून असतो.

आता फाईली वाचायला इतका वेळ का लागावा, हे भौतिकीच्या शिक्षकांनी मुलांकडून काढून घेण्यासारखे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. डोके योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८. एकूण १२. प्रकल्पात ३०,००० छोट्या फाईली असतील आणि प्रत्येकीसाठी एकदाच जरी अशी हालचाल करावी लागली, तरी ३६० सेकंद, म्हणजे सहा मिनिटे होतात. फाईल लहान असून उपयोग नाही. वेळ जातो तो वाचण्यात नाही, तिथवर पोचण्यात. फिरते भाग नसलेल्या एसएसडी साठवणीत हीच धाव मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. तिथे तेच काम तीन सेकंदांचे.

जगातली दोन उदाहरणे

मोजून निदान केले की उपाय कसे वेगवेगळे निघतात, त्याची दोन उदाहरणे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजची सगळी आज्ञावली गिट या बदल-नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत आणली. सुमारे ३५ लाख फाईली, ३०० गिगाबाइटचा पसारा. 'माझ्या प्रतीत काय बदलले?' एवढे विचारायला दहा मिनिटे लागत. यंत्रे कमी ताकदीची होती म्हणून नव्हे. ज्या फाईलींना कुणी हात लावणार नाही त्याही प्रत्येकाच्या यंत्रावर होत्या आणि तपासल्या जात होत्या. त्यांनी अशी व्यवस्था केली, की फाईल उघडली तरच ती आणायची. दहा मिनिटांचे काम चार-पाच सेकंदांवर आले.

दुसरे उदाहरण मार्च २०२५ चे. टाइपस्क्रिप्ट भाषेचा रूपांतरक त्याच भाषेत लिहिलेला होता. तो गो या भाषेत नव्याने उतरवत असल्याचे अँडर्स हेल्सबर्ग यांनी जाहीर केले. व्हीएस कोडची स्वतःची सुमारे १५ लाख ओळींची आज्ञावली तपासायला ७७.८ सेकंद लागत होते, ते ७.५ झाले, संपादकात प्रकल्प उघडण्याचा वेळ ९.६ सेकंदांवरून १.२ वर आला. ढोबळमानाने निम्मा लाभ थेट यंत्रभाषेत जाण्याचा आणि निम्मा अनेक प्रक्रियकांना एकदम कामाला लावण्याचा. इथे दोष साधनाच्या पोटात होता. वापरणाऱ्याने भिंतीवरचे सातही उपाय केले असते तरी तो गेला नसता.

हेल्सबर्ग हे नाव आपल्या पिढीतल्या काहींना आठवेल. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या टर्बो पास्कलचा रूपांतरक त्यांचाच. लिहिणे, रूपांतर आणि चालवणे एकाच ठिकाणी, स्मृतीतल्या स्मृतीत. त्यामुळे त्या काळच्या यंत्रांवरही ते झपाट्याने चाले. त्याची तिसरी आवृत्ती ४० हजार बाइटांच्या आत मावत होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत तिच्या पन्नास प्रती सहज बसतील. साधन बनवणाऱ्यांवर आमचा आक्षेप यातूनच आहे. सोयी वाढल्या याबद्दल तक्रार नाही. पण फिरते चक्र दाखवून गप्प बसू नये. आत काय चालले आहे ते सांगावे. काही साधने ते सांगतात. व्हीएस कोडमध्ये कोणता भाग किती स्मृती आणि प्रक्रियक खातो याचा तक्ता उघडता येतो. तो मेनूत आहे, आणि आपण मुलांना मेनू दाखवतो, पण तो तक्ता उघडून वाचायला सांगत नाही.

आपल्या वाट्याची उणीव

म्हणून शेवटचा आक्षेप आपल्या स्वतःवर. आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रात्यक्षिकाच्या वह्या पन्नास ओळींच्या आज्ञावल्यांनी भरत आल्या. 'बुडबुडा क्रमवारी'ला लागणारा वेळ नगांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे उत्तर पाठ करून घेतले जाते आणि गुणही मिळतात. पण दहा, शंभर आणि हजार नगांवर ती चालवून घड्याळ लावायला किती जणांनी सांगितले? वर्गात करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. दहा मुलांनी एकमेकांशी एकदाच हस्तांदोलन केले तर ४५ हस्तांदोलने होतात. शंभर मुलांची ४,९५०. हजारांची ४,९९,५००. मुले शंभरपट, काम अकरा हजार पटींहून अधिक. छोट्या प्रकल्पात न दिसणारा दोष मोठ्या प्रकल्पात यंत्राला का लोळवतो, हे यातून समजते.

आता त्या प्रयोगशाळेकडे परत येऊ. तिथल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यातच सांगितले होते, की संध्याकाळी पाचनंतर हेच यंत्र, हाच प्रकल्प लवकर उघडतो. 'यंत्र गार होत असेल', असे उत्तर तिला मिळाले. ती टिटवाळ्याची. काम पुरे करायला ती सात-सात वाजेपर्यंत थांबू लागली आणि घरी पोचायला उशीर होतो म्हणून हा विषय सोडण्याच्या विचारात होती. घरी नवा लॅपटॉप असलेल्या मुलांचे काम मात्र पुढे गेले. हळूहळू वर्गाची अशी समजूत झाली, की मोठे प्रकल्प हे पैसेवाल्यांचे काम.

तिच्या वाक्यात निदान होते. यंत्र तेच, स्मृती तीच, प्रकल्प तोच. बदलली फक्त वेळ. म्हणजे दोष यंत्राच्या आत असू शकत नाही. मग मुलांनीच घड्याळ लावले. दोन वाजता वीस जण एकदम उघडतात तेव्हा अकरा मिनिटे. एकट्याने उघडले की तीन. कारण सरळ होते. कामे एका जागी राहावीत म्हणून सगळ्यांचे प्रकल्प मध्यवर्ती संगणकावर ठेवले होते आणि हजारो छोट्या फाईली एकाच वेळी एकाच तारेतून मागवल्या जात होत्या. सकाळी साडेआठच्या लोकलला सगळ्यांनी एकाच दारातून चढावे, तसे.

प्रकल्पाची प्रत प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या साठवणीवर ठेवली आणि फक्त झालेले बदल गिटमधून मध्यवर्ती संगणकावर पाठवायचे ठरले. खर्च शून्य. एसएसडी असलेल्या यंत्रांवर प्रकल्प मिनिटाच्या आत उघडू लागला. फिरत्या चकतीच्या यंत्रांवर तीन-साडेतीन मिनिटे लागत राहिली. तेव्हा पुढची खरेदी कशाची करायची तेही कळले. 'नवीन मशीन घ्या' हा सल्ला अगदीच खोटा नव्हता. यंत्रातला एक सुटा भाग बदलायचा होता. स्मृतीवर आधीच गेलेले पैसे मात्र गेले.

दाराशेजारी आता दुसरा कागद आहे. त्यावर उपाय नाहीत, चार रकाने आहेत: केव्हा मंद झाले, काय करत होता, तेव्हा स्मृती, साठवण, प्रक्रियक आणि जाळे यांपैकी काय भरलेले होते, आणि एका वेळी कोणती एकच गोष्ट बदलून पाहिली. मुले तो भरतात. ती विद्यार्थिनी आता साडेचारला निघते. आपल्या प्रयोगशाळेत जुना कागद असेल तर तो फाडून टाकू नये, असे आम्हाला वाटते. वर्गात त्याचे वाचन करावे आणि प्रत्येक उपायापुढे 'हे केव्हा खरे?' हा प्रश्न मुलांना विचारावा.